संग्रह, तुलना आणि अध्यापन : जैवमाहितीशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाची पूर्वपीठिका

१. प्रश्नाचे स्वरूप

जैवमाहितीशास्त्र आणि संगणकीय जीवशास्त्र ह्या जोडविषयात पदव्युत्तर पदवी घेऊ इच्छिणारा विद्यार्थी ज्या वर्गात येऊन बसतो, त्या वर्गाची घडणच इतर वर्गांहून निराळी असते. शेजारच्या बाकावर कोणी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर असतो, कोणी भौतिकीचा, कोणी गणिताचा, तर कोणी संगणकशास्त्राचा. पहिल्या सत्रात एकाला संभाव्यतेचे प्राथमिक पाठ गिरवावे लागतात, तर दुसऱ्याला प्रथिन म्हणजे काय येथून आरंभ करावा लागतो. रसायनशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात असा प्रकार सहसा संभवत नाही. तेथे विद्यार्थी आपला विषय बरोबर घेऊनच येतो. येथे मात्र प्रत्येकाला आपल्या मूळ विषयाची कक्षा ओलांडून यावे लागते, आणि ज्यासाठी तो आला तो विषय नेमका कोणता, हा प्रश्न दोन्ही वर्षे त्याच्यासमोर उभा असतो.

ह्या प्रश्नाची दोन उत्तरे वारंवार दिली जातात. पहिले असे की, हा विषय संगणकाचे अपत्य आहे. संगणक आला म्हणून विषय आला. दुसरे असे की, हा स्वतंत्र विषयच नव्हे. जीवशास्त्रज्ञाला लागणारी ती एक साहाय्यक सेवा आहे. पहिले उत्तर मान्य केल्यास अध्यापन आज्ञावली चालविण्याच्या शिक्षणापुरते उरते. दुसरे मान्य केल्यास पदव्युत्तर पदवीचे प्रयोजनच नाहीसे होते. विषयाचा इतिहास पाहता ही दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात. विखुरलेल्या माहितीचा चिकित्सक संग्रह आणि त्या संग्रहातील घटकांची नियमबद्ध तुलना ह्या दोन क्रियांतून हे शास्त्र उदयास आले. संगणक त्यांच्या साहाय्यास आला, परंतु त्यांचा जनक तो नव्हे. हे कसे घडले आणि अध्यापनाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, ह्याचा विचार येथे केला आहे.

२. संग्रहाचा आरंभ

प्रथिन हे अमिनो आम्लांच्या शृंखलेने बनलेले असते आणि त्या शृंखलेतील घटकांचा क्रम ठराविक असतो, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निर्विवाद नव्हती. केंब्रिज येथे फ्रेडरिक सँगर ह्यांनी इन्शुलिनच्या दोन शृंखलांपैकी ३० घटकांच्या शृंखलेचा क्रम १९५१ मध्ये आणि २१ घटकांच्या शृंखलेचा १९५३ मध्ये निश्चित केला, तेव्हा हा संशय फिटला. ह्या कार्यासाठी त्यांना १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ५१ घटकांच्या लहानशा प्रथिनासाठी अनेक वर्षांचे श्रम खर्ची पडले होते. १९६० मध्ये रिबोन्यूक्लिएझ ह्या १२४ घटकांच्या विकराचा क्रम हाती आला, आणि त्यानंतर निरनिराळ्या प्रयोगशाळांतून असे क्रम एकामागून एक प्रसिद्ध होऊ लागले.

हे क्रम अनेक नियतकालिकांत विखुरलेले होते. ते एकत्र आणले पाहिजेत, असे ज्यांना प्रकर्षाने वाटले त्यांत मार्गारेट ओकली डेहॉफ (१९२५–१९८३) ह्यांचे स्थान पहिले होय. त्यांचे मूळ शिक्षण गणित व रसायनशास्त्र ह्यांचे. कोलंबिया विद्यापीठात १९४८ मध्ये पूर्ण केलेल्या डॉक्टरेटच्या कामात त्यांनी रेणूंच्या ऊर्जेची गणिते छिद्रपत्रांच्या यंत्रांवर सोडविली होती. पुढे वॉशिंग्टन परिसरातील नॅशनल बायोमेडिकल रिसर्च फाउंडेशन ह्या संस्थेत रॉबर्ट लेडली ह्यांच्यासमवेत त्यांनी १९६२ मध्ये ‘कॉम्प्रोटीन’ ही आज्ञावली सादर केली. प्रथिनाचे तुकडे करून त्यांचे क्रम काढल्यावर, एकमेकांवर अंशतः येणाऱ्या त्या तुकड्यांवरून मूळ शृंखला जुळविणे हे तिचे काम होते आणि ती आयबीएम ७०९० ह्या संगणकासाठी लिहिली होती.

डेहॉफ आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९६५ मध्ये ‘ॲटलस ऑफ प्रोटीन सीक्वेन्स अँड स्ट्रक्चर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत ६५ प्रथिनांचे क्रम होते. आजच्या दृष्टीने ही संख्या क्षुल्लक वाटेल. परंतु ग्रंथाचे महत्त्व संख्येत नव्हते. एकाच प्रथिनाविषयी दोन प्रयोगशाळांची वृत्ते भिन्न असल्यास कोणते ग्राह्य धरावे, संदिग्ध राहिलेला घटक कसा दर्शवावा, कोणती प्रथिने एका कुलातील मानावीत आणि ती कोणत्या रीतीने शेजारी शेजारी मांडावीत, ह्या प्रत्येक ठिकाणी संपादकाला निर्णय घ्यावा लागत होता. हस्तलिखितांच्या पाठभेदांवरून संहिता सिद्ध करणाऱ्या संपादकाचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ह्या श्रमाची जात चटकन ओळखू येईल. अमिनो आम्लांसाठी तीन अक्षरांऐवजी एकाच अक्षराची जी संज्ञापद्धती आज सर्वत्र रूढ आहे, तिच्या प्रसारातही डेहॉफ ह्यांचा मोठा वाटा होता. छिद्रपत्रावरची जागा वाचावी, हे त्यामागील एक साधे व्यावहारिक कारण होते.

३. तुलनेला मापाची जोड

संग्रह झाला म्हणजे तुलना आपोआप होते असे नाही. दोन शृंखला सारख्या दिसतात असे म्हणणे सोपे आहे; त्या किती सारख्या आहेत आणि ते साम्य योगायोगाचे का नव्हे, हे सांगणे कठीण आहे. एमिल झुकरकँडल आणि लायनस पॉलिंग ह्यांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या हीमोग्लोबिनची तुलना करून १९६२ मध्ये असे सुचविले होते की, दोन प्राण्यांच्या वंशशाखा जितक्या पूर्वी विभक्त झाल्या तितका त्यांच्या प्रथिनांतील भेद अधिक असतो. रेणू हा अशा रीतीने इतिहासाचे साधन ठरला. शिलालेख आणि ताम्रपट ह्यांच्याप्रमाणेच रेणूही वाचता येतो, असा हा विचार होता. मात्र वाचनाचे नियम अद्याप बनावयाचे होते.

ते नियम दोन दिशांनी आले. सॉल नीडलमन आणि ख्रिश्चन वुन्श ह्यांनी १९७० मध्ये दोन शृंखलांची सर्वोत्तम जुळणी शोधण्याची पद्धत मांडली. रिकाम्या जागा सोडून दोन शृंखला एकमेकींशी जुळविण्याचे मार्ग इतके असंख्य असतात की, ते एकेक तपासणे अशक्य होय. ह्या पद्धतीने मोठा प्रश्न लहान लहान प्रश्नांत विभागला आणि प्रत्येकाचे उत्तर कोष्टकात नोंदून पुढे वापरले. टेंपल स्मिथ आणि मायकेल वॉटरमन ह्यांनी १९८१ मध्ये तिला असे रूप दिले की, संपूर्ण शृंखला जुळत नसल्या तरी त्यांतील जुळणारा भाग हुडकता यावा.

दुसरी दिशा डेहॉफ ह्यांची. एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे आल्यास त्या बदलाला किती गुण द्यावेत, हा प्रश्न केवळ गणिताने सुटणारा नव्हता. निसर्गाने कोणते बदल प्रत्यक्षात स्वीकारले आहेत, हे पाहणे आवश्यक होते. निकटच्या नात्यातील प्रथिनांचे ७१ गट घेऊन त्यांतील १५७२ बदल त्यांनी मोजले आणि १९७८ मध्ये त्यांवरून वीस अमिनो आम्लांची परस्पर-बदलाची कोष्टके सिद्ध केली. ‘पॅम’ ह्या नावाने ती ओळखली जातात. येथे संग्रह आणि तुलना ह्यांचा संबंध स्पष्ट होतो. तुलनेचे माप संग्रहातूनच निघाले. ज्या संग्रहाला पुष्कळांनी निव्वळ संकलन मानले, त्याच्यावाचून हे माप मिळणेच शक्य नव्हते.

४. संग्रह कोणाचा?

शास्त्रज्ञांच्या जगात संकलकाला संशोधकाच्या बरोबरीचे स्थान क्वचितच मिळते. ज्याने प्रयोग केला त्याचा शोध. ज्याने तो टिपून ठेवला त्याची केवळ नोंद, अशी ही धारणा होय. ‘ॲटलस’च्या बाबतीत ह्या धारणेला मालकीच्या प्रश्नाची जोड मिळाली. संस्थेचा खर्च भागविण्यासाठी हा ग्रंथ आणि पुढे त्याच्या चुंबकीय फिती विकल्या जात, आणि त्यांतील माहिती दुसऱ्यांना वाटण्यावर निर्बंध होते. ज्यांनी क्रम शोधून काढले त्या प्रयोगकर्त्यांना स्वतःचेच क्रम परत मिळविण्यासाठी मोल द्यावे लागते, अशी तक्रार होऊ लागली. संकलकाच्या बाजूनेही म्हणण्यासारखे होते : विखुरलेल्या माहितीला विश्वसनीय रूप देण्याचे श्रम कोणाच्या तरी पैशावर व्हावयास हवे होते, आणि अशा कामासाठी अनुदान सहजासहजी मिळत नव्हते.

१९७७ मध्ये डीएनएचा क्रम काढण्याच्या वेगवान पद्धती उपलब्ध झाल्या आणि प्रश्न तातडीचा झाला. युरोपमध्ये हायडलबर्ग येथील प्रयोगशाळेने १९८० मध्ये ह्या कामाचा आरंभ केला. अमेरिकेत शासकीय संग्रहाचे काम मिळविण्यासाठी डेहॉफ ह्यांची संस्था आणि लॉस अलामॉस येथील वॉल्टर गोड ह्यांचा गट असे दोन प्रमुख स्पर्धक होते. १९८२ मध्ये हे काम बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन ही संस्था आणि तिच्या जोडीला लॉस अलामॉस ह्यांच्याकडे गेले. माहिती सर्वांना खुली राहील आणि संगणकांच्या जाळ्यावरून मिळेल, हे त्यांच्या प्रस्तावाचे बळ होते. ‘जेनबँक’ ती हीच. १९८२ च्या डिसेंबरातील तिच्या आवृत्तीत ६०६ क्रम आणि ६,८०,३३८ अक्षरे होती. त्यानंतर दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९८३ मध्ये, डेहॉफ ह्यांचे निधन झाले.

ह्या निर्णयात एक पक्ष न्याय्य आणि दुसरा अन्याय्य असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. खुलेपणाचे तत्त्व विजयी झाले हे इष्टच झाले. आजचा विद्यार्थी एकही पैसा न देता जगातील कोणताही प्रसिद्ध क्रम उघडून पाहू शकतो, तो ह्याच तत्त्वामुळे. परंतु माहिती खुली झाली म्हणजे तिच्या संपादनाची गरज संपली, असा जो समज पुढे पसरला, तो मात्र चुकीचा होता.

५. एका तुलनेचे फळ

तुलना हे केवळ वर्गीकरणाचे साधन नसून शोधाचे साधन आहे, ह्याची साक्ष लवकरच मिळाली. सॅन डिएगो येथील रसेल डूलिटल हे प्रथिनशास्त्रज्ञ नव्याने प्रसिद्ध होणारे क्रम स्वतःच्या संग्रहात जमवीत असत. १९८३ मध्ये त्यांना असे आढळले की, माकडांतील एका कर्करोगकारी विषाणूच्या जनुकाने बनणारे प्रथिन आणि रक्तबिंबिकांतून स्रवणारा वृद्धिघटक ह्यांचे क्रम विलक्षण मिळतेजुळते आहेत. वृद्धिघटकाचे काम पेशींना विभाजनाची सूचना देणे हे होय. विषाणूने हीच सूचना आत्मसात करून अनिर्बंध चालू ठेवली, म्हणजे अर्बुद का निर्माण व्हावे ह्याचा उलगडा होतो. ब्रिटनमधील एका गटाने त्याच सुमारास हाच निष्कर्ष काढला.

दोन्ही क्रम प्रयोगशाळांतूनच आले होते, हे येथे विसरता कामा नये. परंतु एक क्रम विषाणुशास्त्रज्ञाच्या टेबलावर आणि दुसरा रक्तशास्त्रज्ञाच्या टेबलावर राहिला असता, तर त्यांची भेट झाली नसती. ती भेट संग्रहात झाली. ज्ञानाचे दोन तुकडे एकत्र ठेवल्याने त्यांच्या बेरजेहून अधिक असे तिसरे ज्ञान उत्पन्न होते, हे ह्या प्रसंगाने सिद्ध केले. आणि एखाद्या विद्येला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळण्यासाठी ह्याहून मोठे प्रमाण शोधावे लागत नाही.

६. सेवेपासून विषयापर्यंत

विषयाचे नाव ह्या प्रसंगाहून जुने आहे. नेदरलंड्समधील पॉलीन होगेवेग आणि बेन हेस्पर ह्यांनी ‘बायोइन्फॉर्मॅटिका’ हा शब्द १९७० मध्ये योजला; त्यांच्या मते सजीवांच्या व्यवस्थांत माहितीची जी देवाणघेवाण आणि प्रक्रिया चालते, तिचा अभ्यास म्हणजे हे शास्त्र. पुढे शब्द टिकला आणि अर्थ संकोचला : क्रमांची साठवण आणि छाननी एवढाच अर्थ व्यवहारात उरला. १९८५ मध्ये निघालेल्या ह्या क्षेत्रातील एका प्रमुख नियतकालिकाच्या मूळ नावात जीवशास्त्रातील संगणकाचे ‘उपयोग’ एवढाच उल्लेख होता. १९९८ मध्ये त्याचे नाव बदलून ‘बायोइन्फर्मेटिक्स’ असे झाले. उपयोगाचा विषय झाला, तो ह्याच तेरा वर्षांत.

ह्या काळात दोन घटना निर्णायक ठरल्या. १९९० मध्ये ‘ब्लास्ट’ ही आज्ञावली आली आणि प्रचंड संग्रहात साम्य शोधणे काही क्षणांचे काम झाले. त्याच वर्षी मानवी जीनोम प्रकल्पाचा औपचारिक आरंभ झाला. २००१ मध्ये त्याचा मसुदा आणि २००३ मध्ये पूर्ततेची घोषणा झाली. सुमारे तीन अब्ज अक्षरांचा हा मजकूर वाचणारी माणसे कोठून आणावयाची, हा प्रश्न प्रकल्प चालू असतानाच उभा राहिला. स्टॅनफर्डचे रस आल्टमन ह्यांनी १९९८ मध्ये जैवमाहितीशास्त्राच्या अभ्यासक्रमाची वेळ आता आली आहे, असे प्रतिपादन केले. १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या समितीनेही जीवशास्त्र आणि गणन ह्या दोहोंत प्रवीण अशा व्यक्तींचे प्रशिक्षण अत्यावश्यक असल्याचे म्हटले.

७. भारतातील आणि पुण्यातील परंपरा

भारतात ही विद्या केवळ परदेशी आज्ञावल्यांबरोबर आली, असे समजणे चूक होईल. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन ह्यांनी सी. रामकृष्णन आणि वि. शशिशेखरन ह्यांच्यासमवेत १९६३ मध्ये प्रथिनशृंखलेच्या रचनेसंबंधी जो आलेख प्रसिद्ध केला, तो जगभर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दोन अणू एका मर्यादेपलीकडे एकमेकांजवळ येऊ शकत नाहीत, एवढ्या साध्या नियमावरून शृंखलेची कोणती वळणे शक्य आणि कोणती अशक्य हे त्यांनी दाखवून दिले. संगणकीय जीवशास्त्राचा गाभा, म्हणजे थोड्या निश्चित तत्त्वांवरून जैव रचनेविषयी अनुमान काढणे, येथे संपूर्णपणे दिसतो.

रामचंद्रन ह्यांनी पुढे बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेत रेण्वीय जैवभौतिकीचा विभाग उभारला. तेथून १९७३ मध्ये समतल नसलेल्या पेप्टाइड-एककासंबंधी जे निबंध प्रसिद्ध झाले, त्यांच्या लेखकांत रामचंद्रन ह्यांच्याबरोबर अशोक कोळसकर हे होते. भारत सरकारने १९८६ मध्ये जैवतंत्रज्ञान विभाग स्थापन करून देशभर जैवतंत्रज्ञान-माहितीकेंद्रांचे जाळे विणण्यास आरंभ केला. त्यांपैकी पुणे विद्यापीठातील केंद्र १९८७ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या उभारणीत कोळसकर ह्यांचा वाटा प्रमुख होता. मद्रासची परंपरा अशा रीतीने बंगलोरमार्गे गणेशखिंडीत पोहोचली.

केंद्राची मूळ कल्पना सेवेची होती : संशोधकांना माहिती पुरविणे. परंतु तेथील कामाचे स्वरूप लवकरच पालटले. कोळसकर आणि टोणगावकर ह्यांचा १९९० चा निबंध ह्याचे चांगले उदाहरण होय. प्रथिनाचा कोणता भाग शरीरात प्रतिपिंड निर्माण करवील, ह्याचे भाकीत लस आणि रोगनिदान ह्या दोहोंसाठी उपयुक्त असते. ह्या लेखकांनी प्रयोगाने निश्चित झालेली १६९ प्रतिजनी स्थाने गोळा केली, त्यांपैकी वीसपेक्षा कमी घटकांची १५६ निवडली, त्यांत कोणते अमिनो आम्ल किती वेळा येते ते मोजले आणि त्यावरून भाकिताची एक सोपी रीत बांधली. तिची अचूकता सुमारे ७५ टक्के असल्याचे त्यांनी नोंदविले. संग्रह, निवड, मोजणी आणि अनुमान असा डेहॉफ ह्यांच्या कोष्टकांचाच मार्ग येथे पुन्हा चालून दाखविलेला दिसतो.

ह्या कथेचा उत्तरार्ध तितकाच बोधप्रद आहे. अशा प्रकारच्या ४८४ गुणमापांची छाननी करणारा एक निबंध ब्रिटनमधील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला आणि एकट्या क्रमावर व एकाच मापावर विसंबणाऱ्या रीती योगायोगाहून फारशा सरस ठरत नाहीत, असा निष्कर्ष काढला. प्रतिजनी स्थाने पुष्कळदा शृंखलेत दूर असलेल्या, पण घडी पडल्यावर जवळ येणाऱ्या घटकांची बनलेली असतात, हे ह्याचे एक कारण. पुण्याच्या केंद्रातील कामाचा ओघही तोवर त्रिमितीय रचनेकडे वळला होता. जपानी मेंदूज्वराच्या विषाणूवरील आवरण-प्रथिनाच्या रचनेचे आणि त्यावरील प्रतिजनी स्थानांचे अनुमान कोळसकर आणि ऊर्मिला कुलकर्णी-काळे ह्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले होते, आणि रचनेवर आधारलेली भाकिताची सुविधा त्यांच्या सहकार्यातून २००५ मध्ये उपलब्ध झाली. आपल्याच जुन्या रीतीची मर्यादा ओळखून पुढची रीत घडविणे, हे विषय प्रौढ झाल्याचे लक्षण होय.

अध्यापन ह्याच वाटेने वाढले. आधी अल्पमुदतीचे वर्ग, मग जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने काही विद्यापीठांतून चालविलेला एक वर्षाचा प्रगत पदविका अभ्यासक्रम, आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, असा हा क्रम आहे. सेवाकेंद्र शिक्षणकेंद्र बनले, कारण माहिती पुरविणाऱ्याला ती पारखावीही लागते, हे अनुभवाने कळून चुकले होते.

८. उपसंहार

ह्या इतिहासातून पदव्युत्तर अध्यापनासंबंधी काही गोष्टी निष्पन्न होतात. ज्या आज्ञावल्या विद्यार्थी पहिल्या सत्रात शिकतो, त्यांपैकी काही तो पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत मागे पडलेल्या असतात. त्यांच्याभोवती रचलेला अभ्यासक्रम तितकाच अल्पायुषी ठरेल. ह्याउलट जुळणीमागील गणित, कोष्टकातील प्रत्येक अंकामागील गृहीत आणि त्या गृहीतामागील जीवशास्त्र ह्यांचे ज्ञान सहजी जुने होत नाही. १९७० ची जुळणीची रीत आजही शिकविली जाते, ती केवळ परंपरा म्हणून नव्हे.

दुसरी गोष्ट संग्रहाच्या विश्वसनीयतेची. नव्या प्रथिनाचे कार्य बहुधा प्रयोगाने ठरत नाही. संग्रहातील एखाद्या परिचित प्रथिनाशी त्याचे साम्य पाहून ते नोंदविले जाते. ही नोंद चुकीची असल्यास तिच्याशी साम्य असलेल्या पुढच्या प्रथिनालाही तीच चूक चिकटते, आणि अशा रीतीने एका लेखनिकाचा प्रमाद पिढ्यान्‌पिढ्यांच्या नकलांत उतरावा तसा तो संग्रहभर पसरतो. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हा रोग जुना आहे. त्यावर उपायही तोच : प्रत्येक नोंदीचे मूळ कोणते, ती पाहिलेली की अनुमानलेली, हे विचारण्याची सवय. ही सवय लावणे हे कोणत्याही आज्ञावलीचे काम नाही. ते अध्यापकाचे काम आहे.

म्हणूनच ह्या पदवीच्या अंतिम सत्रातील प्रकल्पाची परीक्षा करताना विद्यार्थ्याने किती माहिती हाताळली किंवा किती मोठा संगणक वापरला, ह्याला दुय्यम स्थान असावे. आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाऊ शकेल असा पुरावा त्याने शोधला की नाही, आणि प्रयोगशाळेत कोणता प्रयोग केला असता आपले अनुमान खोटे ठरेल हे तो सांगू शकतो की नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे होय. वर्गात आलेला गणिताचा पदवीधर आणि वनस्पतिशास्त्राचा पदवीधर ह्या दोघांनाही ज्या दिवशी हा प्रश्न स्वतःहून पडतो, त्या दिवशी त्यांचा विषय एक होतो.